मधेच सोडून गेलेले किती

आमच्या विज्ञान विभागाच्या तळघरात काचेचं वर्कशॉप होतं, आणि तिथे सव्वीस वर्षं जो माणूस बसला त्याची ही हकिकत आहे. मी पहिल्या मजल्यावर स्टोअर सांभाळायचो. रसायनं, हातमोजे, फिल्टर पेपर, बल्ब, जे लागेल ते चिठ्ठी बघून द्यायचं. दुपारचा डबा मात्र खाली त्याच्याकडे खायचो, कारण थंडीत अख्ख्या इमारतीत तेवढी एकच खोली उबदार असायची. त्यामुळे पुढे सांगतो त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं त्याने स्वतः सांगितलं, तेही एका बैठकीत नाही. अडखळत, तुकड्यातुकड्यांनी, दोन-तीन वर्षांत.

तो दहावी शिकलेला. पण संशोधन करणाऱ्या मुलांचं त्याच्यावाचून पान हलायचं नाही. त्यांना हवी ती काचेची भांडी बाजारात मिळत नाहीत. एखाद्या फ्लास्कला तीन तोंडं, एखाद्या नळीच्या पोटात दुसरी नळी, तिच्या पोटात तिसरी. मुलं कागदावर आकृती काढून आणायची, पुष्कळदा अशी की ती वस्तू या जगात बनणंच शक्य नाही. तो कागद उलटासुलटा करून बघायचा, दोन प्रश्न विचारायचा, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते मुलांना तेव्हा कळायचं. मग जांभळट काचांचा चष्मा लावून तो बर्नर पेटवायचा, रबराची नळी दातांत धरायचा, आणि काच मऊ होऊन ओघळायला लागली की हातावर फिरवत फुंकायचा. झालेली वस्तू भट्टीत जायची. ही भट्टी सावकाश थंड करण्यासाठी असते. घाईने थंड झालेल्या जोडात ताण राहतो, आणि वरून धडधाकट दिसणारी काच महिन्या-दोन महिन्यांनी आपसूक तडकते.

इमारतीत त्याला सगळे काचवाले म्हणायचे. मामा हे नाव नंतर पडलं. पण मी इथे पहिल्यापासून मामाच म्हणतो, कारण गोष्ट त्याच नात्याची आहे.

तिसऱ्या मजल्यावर मोठ्या सरांची लॅब होती. प्रथिनांचे स्फटिक करायचे, त्यांच्यावर किरण सोडायचे आणि आतली रचना शोधायची, असं त्यांचं काम. नाव देशोदेशी. विभागप्रमुखसुद्धा त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवायचे. वर्कशॉपचं निम्मं काम त्यांचं असायचं. बाहेरचे पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम तळघरात आणायचे आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे आमचे उस्ताद. हे नसतील तर माझी लॅब आंधळी." मामा त्यानंतर दोन दिवस डबासुद्धा ताठ मानेने खायचा. मी चेष्टा करायचो. त्याला ती चालायची.

मग एक पत्र फिरलं. बाहेरून तयार काच मिळत असताना विभागाला स्वतःच्या वर्कशॉपची गरज आहे का, हे तपासावं. मामाचं तोंडचं पाणी पळालं. या वयात, हे एकच काम येत असताना, जायचं कुठे? तेव्हा जिन्यात भेटून सर म्हणाले, "मी आहे तोवर तुमच्या बर्नरला कोणी हात लावत नाही." त्या वाक्यावर मामा जगायला लागला म्हटलं तरी चालेल.

मामाला एक बहीण, सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला. कपड्यांच्या दुरुस्तीचं लहानसं दुकान चालवून तिने एकुलत्या एका मुलीला वाढवलं. शाळेच्या दाखल्यापासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळीकडे मामाच बापाच्या जागी उभा राहिला. पोरगी हुशार निघाली. पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र दोन्हीत तिला सारखाच रस, त्यामुळे एम.एस्सी. झाल्यावर पीएचडीसाठी तिने आमच्याच विद्यापीठात दोन ठिकाणी अर्ज केला आणि दोन्हीकडून होकार आला. एक मोठ्या सरांकडून. दुसरा जीवशास्त्राच्या एका तरुण बाईंकडून, ज्यांना सगळे शेवाळवाल्या मॅडम म्हणत. मॅडमकडे सायकल स्टँडवरच्या दोन खोल्या होत्या, आणि शेवाळाला उजेड कसा कळतो हा त्यांचा विषय. मामाकडून त्या साध्या परीक्षानळ्यांपलीकडे काही मागत नसत. उत्तर कळवायला दहा दिवस होते.

सातव्या दिवशी भाची वर्कशॉपमध्ये आली. मी डबा उघडून बसलो होतो. तिने टेबलावर मोठा कागद पसरला. पट्टीने आखून तिने तक्ता केला होता. दोन ओळी, एक सरांची, एक मॅडमची. रकाने दहा-बारा: विषय, यंत्रं, विद्यार्थी किती, पदवी मिळायला सरासरी किती वर्षं लागतात, शोधनिबंधांवर विद्यार्थ्याचं नाव कितवं येतं, नंतर नोकऱ्या कुठे लागतात. सगळं बारीक अक्षरात भरलेलं. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: मधेच सोडून गेलेले किती. त्यात मॅडमच्या ओळीत दोनचा आकडा होता. सरांच्या ओळीत काहीच नव्हतं.

"बाकीचं वेबसाइटवर मिळालं," ती म्हणाली. "हे मिळत नाही. मॅडमना विचारलं तर त्यांनी स्वतःहून सांगितलं, दोघं गेले म्हणून, आणि का गेले तेही. सरांच्या लॅबमध्ये विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामा, तू रोज इथे असतोस. तिथून कोणी सोडून गेलंय का?"

मामाला माहीत होतं. मलाही होतं. काचेच्या प्रत्येक चिठ्ठीवर विद्यार्थ्याचं नाव असतं, ती नंतर माझ्या स्टोअरमध्ये जमा होते, आणि सहा वर्षांत सरांच्या लॅबमधली पाच नावं अशीच अचानक बंद झाली होती. सात-सात, आठ-आठ वर्षं राबवून घेणं, केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव चढवणं, चारचौघांत पाणउतारा करणं, घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी रजा नाकारणं. एक मुलगी शेवटच्या दिवशी मामाचा चिमटा परत करायला खाली आली, स्टुलावर बसली, आणि अर्धा तास तिथून उठली नाही. मामाने तिला पाणी दिलं होतं. ती गेल्यावर मामा मला म्हणाला होता, "पोरीला पार पिळून काढलं."

आता तो हातातली नळी फडक्याने पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "माझ्या तरी ऐकिवात नाही. सर कडक आहेत, पण माणूस सोन्यासारखा. तुला घडवतील."

तिने पेन्सिल घेतली आणि सरांच्या ओळीतल्या त्या रकान्यात शून्य काढलं.

ती गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला काय म्हणायचंय ते कळतंय मला." मी काहीच म्हटलं नव्हतं. मग तोच बोलत राहिला. ती इतरांसारखी नाही, चटपटीत आहे. त्याच्याकडे बघून सर तिला सांभाळून घेतील. शिवाय सरांशी तो आधीच बोलून बसला होता. माझी भाची अर्ज करतेय म्हणून सांगितलं होतं आणि सर म्हणाले होते, पाठवा की, घरचंच माणूस. आता ती मॅडमकडे गेली तर सरांना तोंड काय दाखवायचं? वर्कशॉपचं तो बोलला नाही. ते न बोलताही समजत होतं.

मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी स्वतःला मोकळा समजलो. डबा संपवला, धुतला आणि वर गेलो. त्या दुपारचा विचार आला की आजही मला माझा तो धुतलेला डबा दिसतो.

भाची सरांच्या लॅबमध्ये रुजू झाली. दुपारी खाली यायची, मामाच्या डब्यातलं खायची, आकृत्या दाखवायची. तिचं बघून बाकीची मुलंही त्याला मामा म्हणायला लागली आणि बघता बघता तो सगळ्या इमारतीचा मामा झाला. मी एकदा म्हटलं, "सांभाळ रे. कोण कोणाला मामा बनवतंय ते नीट बघ." भाची खळखळून हसली. मामा उठून भट्टीचं दार उघडून बघायला लागला. भट्टी त्या दिवशी लावलेलीच नव्हती.

वर्षभरानंतर तिचं खाली येणं कमी झालं. आली तरी घाईत. चिठ्ठीवरचं अक्षर तेच, पण आकृतीच्या कडेला पूर्वी ती छोटे विनोद लिहायची, ते बंद झाले. तिने सात महिने खपून केलेल्या कामाचा निबंध छापून आला तेव्हा तिचं नाव चौथं होतं. हे तिने मामाला सांगितलं नाही, मला लायब्ररीतल्या बाईंकडून कळलं, आणि मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "चौथं म्हणजे काही वाईट नाही." मग बराच वेळ एका नळीचं टोक घासत बसला.

दोन वर्षं झाली असतील. सरांना बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लॅब सजवायची होती. हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या नळ्यांची नवी जुळणी त्यांना तातडीने हवी होती. सर स्वतः खाली येऊन गेले, तासातासाला निरोप पाठवत राहिले. मामाने त्यातला एक जोड भट्टीतून दोन तास आधी काढला. एवढ्याने काही होत नाही, असं मला म्हणाला. पुष्कळदा होतही नाही.

तीन आठवड्यांनी पाहुणे आले. लॅब बघून झाल्यावर सर त्यांना रिवाजाप्रमाणे तळघरात घेऊन आले. सातआठ माणसं, सगळ्यांच्या मागे भाची. तिच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये तुटलेली काच. पाहुण्यांसमोर ती यंत्र चालू करत असताना तो जोड तडकला होता आणि सरांची फजिती झाली होती.

"उस्ताद," सर हसत म्हणाले, "तुमच्या घराण्याची कमाल आहे. एक हात काच घडवतो, दुसरा फोडतो. हिला आधी कपबशी धरायला शिकवा. प्रथिनांचं आपण नंतर बघू."

पाहुणे हसले. सरांचे दोन विद्यार्थी हसले. मामाने ट्रेमधला तुकडा उचलला होता आणि तो उजेडात धरून बघत होता. आणि मग तोही हसला. मोठ्याने नाही. सर हसताहेत म्हणून माणूस हसतो तसा, मान जरा खाली घालून.

मी दारात उभा होतो. भाचीने मामाकडे बघितलं, रागाने नव्हे. रस्त्यात ओळखीचा वाटलेला माणूस जवळ आल्यावर भलताच निघावा, तसं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती वर गेली.

त्यानंतर तिच्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाती यायला लागल्या. आठ-दहा दिवसांनी जिन्यात समोरासमोर गाठ पडली तेव्हा मामाने विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, "बरी आहे. तुम्ही कसे आहात?" मामा तसाच खाली आला आणि मला म्हणाला, "मला तुम्ही म्हणाली." जन्मापासून ती त्याला तू म्हणत आली होती. मी म्हटलं, चारचौघांत म्हणाली असेल. तो म्हणाला, जिन्यात आम्ही दोघंच होतो.

चार महिन्यांनी बहीण त्याच्या घरी आली. मुलगी सगळं सोडून द्यायचं म्हणतेय, सामान बांधतेय, कारण विचारलं तर सांगत नाही. अडीच वर्षं पाण्यात घालवणार आहे का ही? "बापाच्या जागी तू आहेस," ती म्हणाली. "तुझं ऐकेल. जा आणि समजाव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाच्या वर भाचीची भाड्याची खोली होती. जिन्याच्या पायथ्याशी तो बराच वेळ थांबला. समजावायला चार वाक्यं त्याने वाटेत जुळवली होती, ती पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितली. दुकानदार दोनदा बाहेर येऊन त्याच्याकडे बघून गेला, तेव्हा कुठे वर चढला.

खोलीत दोन खोके उघडे होते आणि ती पुस्तकं भरत होती. "या, बसा," म्हणून तिने खुर्ची पुढे केली. पुस्तकं भरणं थांबवलं नाही.

"आईने पाठवलं ना?"

"हो."

"मग सांगा, काय सांगायचंय ते."

जुळवलेल्या चार वाक्यांपैकी एकही तोंडाबाहेर येईना. तो म्हणाला, "तू तेव्हा विचारलं होतंस, तिथून कोणी सोडून गेलंय का. मला पाच जण माहीत होते."

ती एक पुस्तक खोक्यात ठेवून दुसरं घेत म्हणाली, "मला पहिल्याच महिन्यात कळलं. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरला आतून नावं लिहिलीत. पाचही, तारखांसकट. एका नावाखाली लिहिलंय, काचवाल्यांनी पाणी दिलं."

मामाने विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? आईला कळलं असतं. आईला तुमच्याशिवाय आहे कोण?"

म्हणजे इतके दिवस पोरगी त्याच्यासमोर बसून त्याच्या डब्यातलं खात होती, त्याने खोटं सांगितलंय हे जाणून, आणि त्याचीच लाज झाकत होती. मामा मला म्हणाला, "त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटलं. पण अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती तिला माहीत नव्हती."

"तो जोड," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "कुठला?"

"पाहुणे आले होते त्या दिवशीचा. तू काही केलं नव्हतंस. मी तो भट्टीतून दोन तास आधी काढला होता. तुकडा हातात घेतला आणि तडा कुठून सुरू झालाय ते बघितलं, तेव्हाच कळलं मला."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "हसलात त्याच्या आधी कळलं, की नंतर?"

मामाला खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचाच फरक होता.

"आधी," तो म्हणाला.

ती भरलेल्या खोक्यावर बसली. सरांनी त्या दिवशी तिच्याकडून लॅबच्या नोंदवहीत माफी लिहून घेतली होती: माझ्या हलगर्जीपणामुळे जोड तुटला. तिला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं, आपण स्टँडची पकड जास्त आवळली असणार असं. "चार महिने," ती म्हणाली, "काच पकडीत लावायची असली की मी कोणाला तरी शेजारी उभं करते. मला वाटलं, मला हे कामच जमण्यातलं नाही. म्हणून सोडत होते." मग आवाज न चढवता, "तुम्ही आता जा."

तो तिथून थेट बहिणीच्या दुकानात गेला. ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शून्याचं, हसण्याचं, जोडाचं. बहिणीने मान वर केली नाही, उसवणंही थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, "उद्या काय करणार आहेस तेवढं सांग. बाकीचं मी नंतर बोलेन." ते 'नंतर' यायला आठ महिने गेले. तोवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आठ महिन्यांनी बोलली तीसुद्धा गॅसच्या नळीबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या स्टोअरमध्ये आला आणि सरांच्या लॅबच्या मागच्या नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या मागितल्या. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी म्हटलं, कशाला यात पडतोस? तो म्हणाला, "मी पडलेलोच आहे." मी चिठ्ठ्यांचे खोके काढून दिले. फार शूरपणाने दिले असं नाही. दार लावून घेऊन दिले.

संशोधन करणाऱ्या मुलांचं बघणाऱ्या एक अधिकारी बाई मुख्य इमारतीत बसायच्या. मामाने त्यांच्यासमोर बसून दीड पान लिहिलं. त्याला दोन तास लागले. लिहायची सवय नव्हती आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नव्हतं. शेवटी त्याने सुरुवात जोडापासून केली, चूक माझी म्हणून. मग पाच नावं, आणि कोणाची चिठ्ठी कोणत्या महिन्यानंतर आली नाही ते. बाईंनी वाचलं, सही घेतली. तो उठताना घुटमळला तेव्हा त्या म्हणाल्या, वर्कशॉपची काळजी करू नका, ती फाइल बांधकाम विभागाकडे आहे. सरांचा तिच्याशी काही संबंध नाही, कधीच नव्हता.

हे त्याने मला परत येताना जिन्यात सांगितलं. दोन पायऱ्या उतरून थांबला आणि म्हणाला, "आणि संबंध असता तर? मग काय मी बरोबर ठरलो असतो?"

त्या दीड पानावर तीन जणांची समिती दोनदा बसली. मोठ्या सरांना एक पत्र गेलं म्हणतात. त्यात काय होतं ते कोणाला कळलं नाही. त्यांची लॅब चालू राहिली आणि त्या वर्षी दोन नवी मुलं तिथे दाखलही झाली. भाचीला शेवाळवाल्या मॅडमकडे बदलून मिळालं. तिथे तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली, मागच्या अडीच वर्षांतल्या फक्त दोन परीक्षा धरल्या गेल्या. समितीने सांगितलं म्हणून मामा तिसऱ्या मजल्यावर गेला आणि सरांच्या विद्यार्थ्यांसमोर, भाचीच्या माफीच्या खाली, त्याच नोंदवहीत लिहून आला की जोड माझ्याकडून कच्चा राहिला होता.

त्या आठवड्यात सर त्याला व्हरांड्यात भेटले. "उस्ताद," ते अगदी मऊपणे म्हणाले, "एवढं होतं तर आधी माझ्याकडे यायचं."

मामा म्हणाला, "चुकलंच."

खाली येऊन तो मला विचारत होता, मी कशाबद्दल चुकलं म्हणालो? आणि कोणाला? त्या दिवशी त्याने एकही काम हातात घेतलं नाही.

पुढच्या वर्षी भाचीची चिठ्ठी आली. शेवाळ वाढवायला काचेची चपटी पेटी हवी होती, चार जोडांची. मामाने ती केली आणि भट्टीत पुरे दोन दिवस ठेवली, एवढी गरज नसताना. न्यायला ती स्वतः आली. तिने पेटी खिडकीपाशी नेली आणि एकेक जोड उजेडात धरून तपासला. चारही. सावकाश. मामा हात पुसत उभा होता. पूर्वी तिने त्याने दिलेली वस्तू कधी उलटून बघितली नव्हती.

"तपासून घेते," ती म्हणाली.

"घे," मामा म्हणाला. "घ्यावंच."

जोड चांगले होते. तिने पेटी कागदात गुंडाळली, सही केली, निघते म्हणून नीट सांगून गेली. तिचं ते 'तुम्ही' काही बदललं नाही. घरी सगळ्यांसमोर, आईच्या आजारपणात, कुठेही नाही. त्यात राग नसायचा. मामा म्हणायचा, राग असता तर बरं होतं, तो कधीतरी उतरतो.

मॅडमकडे तिला साडेचार वर्षं लागली. शेवटच्या परीक्षेला, म्हणजे विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची त्या दिवशी, सभागृह कोणालाही खुलं असतं. तिची आई पुढच्या रांगेत बसली होती. मामा आणि मी सगळ्यात मागे. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, त्याचं एक वर्ष बाकी होतं. भाची पडद्यावर हिरवे ठिपके दाखवून बोलत होती, आणि ठिपके उजेडाकडे सरकत होते. एवढंच आम्हा दोघांना कळत होतं. ती अडखळत नव्हती, हेही कळत होतं. एका प्रश्नावर तिने सरळ सांगितलं की याचं उत्तर मला माहीत नाही, आणि परीक्षकांनी मान हलवून ते लिहून घेतलं.

मोठे सरही आले होते, दुसऱ्या रांगेत. मधे त्यांनी सहज मागे वळून बघितलं, मामा दिसला, आणि त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. मामाचा हात उठला. अर्ध्यावर आल्यावर त्याला कळलं की तो उठलाय. त्याने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला आणि बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेल्या बाई कोणत्या तरी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या घरच्या असाव्यात. त्यांनी कौतुकाने मामाकडे वळून विचारलं, "तुमची कोण?"

भाची हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मी बघितला.

"बहिणीची मुलगी," तो म्हणाला.